कार्ड घेण्याआधी वही भर

सांगली



सातारा स्टँडवर मला गाडीत बसवून दिलंस आणि खिडकीतून पुन्हा विचारलंस, “मग आबा, कार्डाचं काय?” गाडी सुटली आणि उत्तर राहून गेलं. उंब्रज, कराड मागे पडेपर्यंत मी आपण दोघांनी चार दिवस भरलेली वहीच वाचत होतो. आज दुकानातल्या जुन्या टेबलाशी बसून उत्तर लिहितो आणि वहीही पत्रासोबत परत पाठवतो.

उत्तर आधी सांगतो. पस्तीस हजारांचं ग्राफिक्स कार्ड आत्ता घ्यायचं नाही आणि आईकडे मी तुझ्यासाठी शब्द टाकणार नाही. पण ‘आबा नको म्हणाले’ एवढंच तुझ्या लक्षात राहिलं तर आपली मेहनत वाया गेली. म्हणून कारण सविस्तर लिहितो. पत्र जपून ठेव.

मी चाळीस वर्षं पंपांच्या जळालेल्या मोटारी भरल्या. कृष्णाकाठचा ऊसवाला शेतकरी जळालेली मोटार ट्रॉलीत टाकून आणायचा आणि दारातूनच सांगायचा, “ही भरू नका, साडेसात एचपीची काढून दहाचीच बसवतो. पाणी कमी पडतंय.” मी विचारायचो, पाइप किती इंची? केबल किती लांब? फूटव्हॉल्व्ह शेवटचा कधी साफ केला? उत्तरं ऐकली की कळायचं, दोष मोटारीत नाहीच. पाइपचा व्यास निम्मा केला तर तेवढंच पाणी ढकलायला घर्षण साधारण बत्तीस पट होतं. बारीक पाइपला मोठी मोटार लावली की बिल वाढतं, पाणी तेवढ्या प्रमाणात वाढत नाही. आमच्या सांगली जिल्ह्यात १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. तिथला पंप असो की आणखी कुठला, त्याच्या पाटीवर हेड आणि डिस्चार्ज छापलेला असतो. तो आकडा कारखान्यातल्या चाचणीचा. तुझ्या विहिरीवर तो मिळेल की नाही, ते विहीर, पाइप आणि लाईट ठरवते.

तुझ्या संगणकाचंही तसंच आहे. खोक्यावरचा आकडा कंपनीचा, तुझ्या खोलीतला आकडा तुझ्या खोलीचा. म्हणून पहिल्या दिवशी मी तुला गेम सुरू करायला सांगितला आणि कोपऱ्यात चार आकडे लावायला लावले: सेकंदाला किती चित्रं, प्रोसेसरचं तापमान, प्रोसेसरचा वेग आणि ग्राफिक्स कार्ड किती टक्के कामात आहे. दुकानात मी करंट मोजायचा टाँग टेस्टर लावल्याशिवाय मोटारीबद्दल बोलत नसे, तेच इथे केलं.

वहीतलं पहिलं पान तुझ्याच अक्षरात आहे. सुरुवातीला ११८ चित्रं, तापमान ६२, वेग ४.२ गिगाहर्ट्झ, कार्ड ९५ टक्के कामात. दहा मिनिटांनी ७० चित्रं, तापमान ९७, वेग ३.१, कार्ड ५८ टक्के. हे शेवटचे चार आकडे एकत्र वाच. सगळा निकाल त्यांत आहे.

सेकंदाला साठ चित्रं म्हणजे एका चित्राला १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ म्हणजे जेमतेम ७. तेवढ्या वेळात आधी प्रोसेसर ठरवतो की कोण कुठे उभं आहे, गोळी कुणाला लागली, दार उघडं आहे की बंद. मग तो कार्डाला कामाची यादी देतो आणि कार्ड ते दृश्य रंगवतं. यादी उशिरा आली की कार्ड हातावर हात ठेवून बसतं. तुझं कार्ड दहा मिनिटांनंतर ५८ टक्केच काम करत होतं, म्हणजे ते वाट बघत होतं. त्याच्या जागी दुप्पट ताकदीचं कार्ड बसवलं असतं तर तेही वाटच बघत बसलं असतं.

तुला हे पटलं नव्हतं. म्हणून आपण दुसरी परीक्षा घेतली, आठवतं? चित्राचा आकार १९२० गुणिले १०८० वरून १२८० गुणिले ७२० वर आणला. आधी एका चित्रात २० लाख ७३ हजार ६०० ठिपके रंगवायचे होते, ते ९ लाख २१ हजार ६०० वर आले. कार्डाचं काम निम्म्याहून कमी झालं. तरी चित्रं ७१ च्या पुढे सरकेनात. तेव्हा तू गप्प झालास आणि मला बरं वाटलं, कारण तू माझं नाही, आकड्याचं ऐकलंस. ही परीक्षा फुकटची आहे. तुझ्या मित्रांनाही शिकव. आकार कमी केल्यावर चित्रं भराभर वाढली तर दोष कार्डाकडे, नाही वाढली तर प्रोसेसर आणि मेमरीकडे.

आता उष्णतेकडे येतो. माझ्या मते आपल्याकडच्या निम्म्या संगणकांचं दुखणं हेच असावं. तुझं कॅबिनेट टेबलाच्या कप्प्यात होतं, पाठ भिंतीला, पुढे लाकडी दार. मागच्या पंख्याने बाहेर टाकलेली गरम हवा कप्प्यातच फिरून पुढच्या पंख्याने परत आत ओढली जात होती. बाजूचा पत्रा उघडला तेव्हा प्रोसेसरवरच्या पंख्याखाली मला ॲल्युमिनिअमची पातीच दिसेनात. त्यांवर राखाडी गादी बसली होती. चिमट्याने ओढली तर अख्खी एका तुकड्यात निघाली, घोंगडीच्या तुकड्यासारखी, कडेला ओढणीचे दोन जांभळे धागे. तिला तेलकट वास होता, कारण खालच्या स्वयंपाकघराचा धूर जिन्याने वर येतो आणि धुळीला चिकट करतो. सांगलीकडे गळीत हंगामात कारखान्याच्या चिमणीची काजळी पडते, तीही अशीच चिकटते. ती गादी हवा आत जाऊच देत नव्हती. फूटव्हॉल्व्हच्या जाळीला शेवाळ बसलं की मोटार कोरडी फिरते, तसाच तुझा पंखा पूर्ण वेगाने रिकामा फिरत होता.

पंखा बोटाने अडवून ब्लोअर मारायचा हे मी तुला दोनदा सांगितलं. ते विसरू नकोस. मोकळा सोडला तर हवेने तो नको तेवढ्या वेगाने फिरतो आणि बेअरिंग जातं. पंख्याखालची पेस्टही वाळून भेगाळली होती. ती स्पिरिटने पुसून आपण मटारच्या दाण्याएवढी नवी लावली. जास्त लावायची नाही. धातू आणि चिप यांच्यातली बारीक पोकळी भरण्यापुरतं तिचं काम आहे.

चिप तापली की स्वतःहून वेग का कमी करते, हे तू विचारलं होतंस. चिपमधली उष्णता ढोबळमानाने वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग कमी केला की व्होल्टेजही उतरवता येतं आणि उष्णता झपाट्याने खाली येते. म्हणून शंभर अंशांच्या आसपास पोचली की ती जीव वाचवायला हळू चालते. आपल्या मोटारीत असं काही नसतं. ओव्हरलोड रिले नीट लावलेला नसेल तर ती फिरत राहते आणि वार्निशचा वास येऊ लागतो तोवर उशीर झालेला असतो. चिपची ही सोय मोठी आहे, पण तिच्यामुळे दुखणं लपतं. मशीन बंद पडत नाही, नुसतं मंदावतं, आणि मुलाला वाटतं की कार्ड जुनं झालं.

सफाई करून कॅबिनेट कप्प्यातून काढलं, भिंतीपासून वीतभर लांब ठेवलं आणि पुन्हा अर्धा तास गेम चालवला. तापमान ८१, चित्रं ११२, आणि ती टिकली. ब्रश, स्पिरिट आणि पेस्टची ट्यूब, एवढाच खर्च. उन्हाळ्यात सांगलीला पारा चाळिशीला टेकतो, साताऱ्याची हवा त्या मानाने थंड. इथे तेच मशीन आणखी तापलं असतं, कारण खोलीच्या हवेपेक्षा थंड काही तो पंखा आणू शकत नाही.

मला हे सगळं कुठून कळलं असं तुझ्या मित्राने विचारलं होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फुटांची. दुकानातल्या मोटारी बुडाल्या आणि जमिनीवर ठेवलेला तुझ्या मामाचा संगणकही. पाणी ओसरल्यावर आम्ही मोटारींसारखाच तोही सुटा केला, गाळ स्वच्छ पाण्याने धुतला आणि भाग कितीतरी दिवस उन्हात वाळवले. वीजपुरवठ्याचा डबा आणि हार्डडिस्क फेकून दिली. प्रोसेसर आणि मेमरी पुढे चालली. तेव्हा मी पहिल्यांदा प्रत्येक भाग हातात घेऊन विचारलं की तू काय करतोस. तुझं कॅबिनेट टेबलावर ठेव म्हणतो ते धुळीसाठी, पण त्या पाण्याची आठवणही त्यामागे आहे.

मेमरीबद्दल आता. तुला मशीन विकणाऱ्याने सोळा जीबीची एकच पट्टी दिली. आकडा बरोबर, पण बोर्डाला मेमरीकडे जायला दोन रस्ते असतात आणि तुझा एक बंद होता. डीडीआर-४ च्या ३२०० वेगाच्या एका पट्टीतून सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती जाते, दोन पट्ट्या योग्य खाचांत बसवल्या की ५१.२. त्यात भर म्हणजे पट्टीवर ३२०० छापलेलं असलं तरी मशीन २४०० वरच चालत होतं. बायोसमध्ये एक्सएमपी नावाचं बटण असतं, ते कुणी चालूच केलेलं नव्हतं. पाटीवरचा आकडा आणि विहिरीवरचा आकडा, पुन्हा तेच.

मी मामाच्या मशीनमधल्या आठ-आठच्या दोन पट्ट्या पिशवीत आणल्या होत्या, त्या बसवून बघितलं आणि बटणही चालू केलं. सरासरी ११२ वरून १२१ झाली. तू म्हणालास, एवढंच? पण त्याच ओळीतला दुसरा आकडा बघ. सगळ्यात वाईट क्षणी जी चित्रं मिळतात ती ५४ वरून ८३ वर आली. गर्दीच्या लढाईत तुझा हात अडखळायचा तो त्या ५४ मुळे. सरासरी सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नकोस. दिवसभर पाणी सरासरी चांगलं आलं आणि ऐन वेळी दहा मिनिटं बंद पडलं, तर शेवटच्या सरीला काय उपयोग?

बाकीचं थोडक्यात लिहितो. एसएसडीने गेम लवकर उघडतो आणि नवा इलाखा आला की कमी अडकतो, पण चित्रांची संख्या सहसा वाढत नाही. तुझी एसएसडी चांगली आहे, तिला हात लावू नकोस, फक्त काठोकाठ भरू नकोस. तुझा मॉनिटर १४४ हर्ट्झचा असून विंडोजमध्ये ६० वर लावलेला होता. आतून ११८ चित्रं निघत असताना डोळ्याला साठच दिसत होती. ते मी बदललं. कार्डाची स्वतःची मेमरी भरली की ते बोर्डाच्या मेमरीकडे धाव घेतं आणि गेम धक्के खातो. तुझ्या आठ जीबीत तुझे गेम आरामात बसतात. मामेभावाचा लॅपटॉप चार्जर न लावता मंद चालतो तो बॅटरी वाचवण्यासाठी, बिघाड नाही.

माझा पहिला संशय व्होल्टेजवर होता, हे तुला आठवत असेल. चाळीस वर्षांची सवय. डीपीपासून लांबच्या शेवटच्या विहिरीवर व्होल्टेज पडलं की मोटार जास्त अँपिअर ओढते आणि करंटच्या वर्गाने तापते. संध्याकाळी सात ते दहा घरोघर लाईट एकदम लागते. त्या वेळची गरज भागवायला तुमच्या सातारा जिल्ह्यातलं कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला उतरवून जनित्रं फिरवतात. सगळा कोयना प्रकल्प मिळून १९६० मेगावॅटचा. पण वाहिनीच्या टोकाच्या घरापर्यंत पोचेस्तोवर दाब उतरतोच. म्हणून मी तुझ्या सॉकेटला मीटर लावला. दुपारी २२८, रात्री आठला २०४. आणि गेमची चित्रं? दोन्ही वेळा सारखीच. संगणकाचा वीजपुरवठा चांगला असेल तर तो आत बारा व्होल्ट धरून ठेवतो. बल्ब मंद होतो तसं मशीन मंद होत नाही. सहन होईल तोवर पूर्ण चालतं आणि मर्यादा ओलांडली की एकदम बंद पडतं. माझा संशय चुकीचा निघाला आणि मीटरने तो दहा मिनिटांत मिटवला. अर्थिंग मात्र तपासून घे. पत्र्याला हात लावल्यावर बारीक झिणझिण्या येतात असं तू म्हणालास, ते मला अजिबात आवडलेलं नाही. वायरमनला या आठवड्यातच बोलव.

आणि ‘लॅग’ हा एकच शब्द तू दोन दुखण्यांना वापरतोस. चित्र अडकतं ते मशीनचं. गोळी मारल्यावर समोरचा उशिरा पडतो किंवा मागे उडी मारून परत उभा राहतो ते इंटरनेटच्या रस्त्याचं. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. सर्व्हर सिंगापूरला असेल तर चार हजार किलोमीटर जाऊन यायला चाळीस मिलिसेकंद नुसत्या अंतराचे लागतात. जगातलं कुठलंही कार्ड ते कमी करू शकत नाही. ‘व्हॅलोरंट’ या गेमचा सर्व्हर २०२० च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत आला, तेव्हापासून साताऱ्याच्या मुलाला अंतराचा तोटा उरला नाही. तरी तुला ६८ मिलिसेकंद दिसत होते आणि ते सारखे उड्या मारत होते. वायफायचा राउटर खाली, तू वर, मध्ये स्लॅब. जिन्याच्या कडेने तार ओढली आणि २४ वर स्थिरावलं. ती तार आईच्या पायात येणार नाही अशी खिळ्यांनी नीट बसव.

एक गोष्ट तुला मुद्दाम सांगतो, कारण तुला पुढे गेम करायलाच शिकायचं आहे. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या छोट्या चमूने ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा गेम केला. तो २०२० साली आधी निन्टेन्डो स्विचवर आला, हातात धरून खेळायच्या त्या छोट्या यंत्रावर. त्या यंत्राची ताकद तुझ्या संगणकापुढे काहीच नाही. त्या वर्षी पहिलाच गेम करणाऱ्या जगभरच्या चमूंसाठी असलेल्या पुरस्काराकरता ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये या गेमला नामांकन मिळालं. कमी ताकदीच्या यंत्रावर गेम बसवायचा तर कुठली सावली खरी मोजायची आणि कुठली आधीच रंगवून ठेवायची, हे करणाऱ्याला ठरवावं लागतं. तुझ्यापुढच्या सेटिंगच्या पानावर तेच निर्णय तुझ्या हातात दिलेले असतात. तू सगळं ‘अल्ट्रा’वर ओढतोस. सावल्या आणि लांबचं दृश्य एकेक पायरी खाली आण आणि प्रत्येक वेळी आकडा लिही. लांबचं दृश्य आणि गर्दी प्रोसेसरवर पडते, चित्राचा आकार कार्डावर. कुठल्या बटणाने कुणाचं ओझं हलतं हे ज्याला कळलं, तो उद्या गेम करायलाही बसू शकेल.

प्रोसेसरला सहा कोअर असूनही एकच कोअर का दमतो, हा तुझा प्रश्नही इथलाच. १९९१ साली पुण्याच्या सी-डॅकने परम ८००० बांधला तो अनेक छोटे प्रोसेसर एकत्र जोडून, आणि अशा यंत्रात खरी कसोटी काम वाटून देण्याची असते. गेममधलं बरंचसं काम एकामागून एकच करावं लागतं. दार उघडल्याशिवाय आत कोण आहे ते ठरत नाही. म्हणून गेमसाठी कोअरच्या संख्येइतकाच एका कोअरचा वेगही बघायचा.

तर हिशेब असा. मामाच्या पट्ट्या मी परत आणल्या आहेत, त्यामुळे तुझं मशीन पुन्हा एका रस्त्यावर आहे. तुझ्या पट्टीसारखीच, त्याच वेगाची दुसरी घे. तिचे पैसे तुझ्या वाढदिवसाचे म्हणून मी आईकडे देऊन ठेवले आहेत. महिन्यातून एकदा जाळी झाड. दर रविवारी तोच गेम, तोच नकाशा, अर्धा तास चालव आणि चारही आकडे वहीत लिही, तारखेसह, पावसाळ्यातही.

दिवाळीला सांगलीला येशील तेव्हा वही घेऊन ये. तापमान आटोक्यात असून कार्ड दर रविवारी ९७ टक्क्यांच्या वर दिसलं, तर ते खरंच कमी पडतंय असं मी मानेन आणि नव्या कार्डाचे निम्मे पैसे माझे. आईला आशीर्वाद सांग आणि वायरमनचं विसरू नकोस.

तुझा,
आबा